दारू एकदम बंद करावी की हळूहळू? (तिसऱ्या दिवशी ‘भूत दिसते’ त्याबद्दल)

कास्तकार_आर्णी
नमस्कार मंडळी. घरचा विषय आहे, म्हणून दुसऱ्या आयडीनं लिहून राह्यलो.

मोठा भाऊ, वय 44. कोरडवाहू शेती, कपाशी आणि सोयाबीन. आधी बाजाराच्या दिवशी प्यायचा, मग रोज संध्याकाळी, आता तर सकाळी दात घासायच्या आधी. दिवसाले देशीचे दोन-अडीच पव्वे सहज होतात. मागच्या नवरात्रात आईनं शपथ घातली अन् त्यानं एका दिवसात बंद केली. पहिल्या दिवशी हात थरथरले. दुसऱ्या रात्री डोळ्याले डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीवरचे किडे पकडू लागला, जे नव्हतेच. ‘गोठ्यातून ढोरं घरात आले, हाकला’ म्हणे. मेलेल्या बाबाशी बोलला. अंग घामानं ओलं. गावातल्या लोकांनी देवऋषी आणला. निंबू झाला, धुपारा झाला, काहीच फरक नाही. शेवटी शेजारच्या काकानं गुपचूप अर्धा गिलास पाजली, आणि तासाभरात माणूस शांत. मग काय, गावाचा निकाल लागला की देवालेच दारू पाहिजे होती. त्या दिवसापासून पुन्हा सुरू.

आता पोळ्याच्या आधी सोडायची म्हणून वहिनी मागं लागली आहे. तोही हो म्हणते. पण आम्हाले त्या तिसऱ्या दिवसाची भीती वाटते. एकदम बंद करावी की रोज थोडी थोडी कमी? आणि हा आजार आहे की नुसता माज? आई माज म्हणते.

रिकामटेकडा
एकदम सोडणं काहीच अवघड नाही हो. आमचा मामा दर सोमवारी सोडते.

सिस्टरबाई
रिकामटेकडा, थांबा जरा, हे हसण्यावारी न्यायचं प्रकरण नाही.

कास्तकार भाऊ, मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, हे चित्र अनेकदा पाहिलं आहे. भूत नाही, बाहेरचं नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक बंद केली की साधारण सहा-आठ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फीट येते, आधी आयुष्यात कधी आली नसली तरी. दोन ते चार दिवसांच्या आसपास भ्रम होतो. माणूस दिवस-वार विसरतो, किडे-मुंग्या-जनावरं दिसतात, ताप चढतो, बीपी वाढते. उपचार नाही मिळाले तर यात माणूस दगावू शकतो. तुमचा भाऊ वाचला हे नशीब समजा. काकानं पाजल्यावर शांत झाला त्याचं कारण एवढंच की शरीर ज्याच्यावाचून तडफडत होतं तेच पुन्हा मिळालं. देवाचा संबंध नाही.

त्यामुळे तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की घरच्या घरी एकदम बंद करू नका. आधी डॉक्टर.

अजून एक. गावात बॅग घेऊन फिरणारे सलाईन लावणारे असतात. ‘कमजोरी आली’ म्हणून ते ग्लुकोजची बाटली चढवतात. दारू पिणाऱ्याच्या अंगात बी-1 जीवनसत्त्व आधीच संपत आलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डोळे फिरतात, चाल जाते, स्मरण जाते, आणि काहींचं ते पुन्हा येत नाही. आधी बी-1 चं इंजेक्शन, मग बाकीचं. हे ठणकावून सांगायचं.

वऱ्हाडी_ठेचा
मले नाही पटलं. आमच्या बापानं पंढरीची माळ घातली त्या दिवशी सोडली ते सोडलीच. ना फीट, ना भूत, ना सलाईन. मनात असलं की सुटते. तुम्ही लोकं आजार आजार म्हणून पेताडायले बहाणा देता.

नागपुरी_तर्री
ठेचाशी सहमत. आमच्या आत्याचं अख्खं घर परमात्मा एक सेवक (व्यसन सोडायला लावणारा आमच्याकडचा पंथ) झालं, आणि ज्या मोहल्ल्यात रोज भांडणं व्हायची तिथं आता संध्याकाळी हवन-प्रार्थना असते. गोळी नाही, भरती नाही. तुकडोजी महाराज, गाडगेबाबा यांनीही गावंच्या गावं भजन-कीर्तनानं सुधारली. ते काय एमबीबीएस होते?

एमडी_कंटाळलेला
ठेचा, तुमच्या वडिलांना दंडवत. पण ते रोज किती घेत होते? सकाळी उठल्या-उठल्या लागायची का? संध्याकाळी एखादा पेग घेणाऱ्याला किंवा हप्त्यातून एकदा पिणाऱ्याला सोडताना सहसा शारीरिक त्रास होत नाही. धोका त्याला आहे जो वर्षानुवर्षं रोज, भरपूर आणि सकाळपासून पितो. दोघांनाही आपण ‘पेताड’च म्हणतो, तिथं गोंधळ होतो.

आतमध्ये होतं काय ते सांगतो. दारू मेंदूला मंदावते. रोज मंदावत राहिली की मेंदूही उलट बाजूनं जोर लावायला शिकतो, म्हणजे स्वतःला जास्त जागं, जास्त उत्तेजित ठेवतो. चिखलात रुतलेली बंडी ओढताना बैल मान खाली घालून पूर्ण ताकद लावतात, आणि तेवढ्यात जोत तुटलं तर ते जसे तोंडावर जाऊन पडतात, तसंच दारू अचानक थांबल्यावर होतं. ओढायचं वजन गेलं, पण जोर चालूच आहे. म्हणून थरथर, झोप नाही, फीट, भ्रम. दवाखान्यात आम्ही क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारख्या गोळ्या देतो. त्या तो जोर हळूहळू उतरवतात. आठवडाभरात डोस कमी करत बंद. त्या गोळ्या मेडिकलमधून स्वतः आणून देऊ नका. वरून दारू प्यायला तर श्वास थांबू शकतो, आणि लिव्हर खराब असेल तर गोळी निवडावी लागते.

आई ‘माज’ म्हणते त्याबद्दल. आम्ही निदान करताना शिवी शोधत नाही, गेल्या वर्षभरात काय घडलं ते पाहतो. तलफ आवरता येत नाही. सुरू केली की थांबता येत नाही. बंद केली की अंग बोंबलते. पूर्वी एका पव्व्यात चढायची, आता दोन लागतात. शेत, पोरं, नातीगोती सगळं मागे पडते. डॉक्टरनं सांगितलं लिव्हर गेलं, तरी चालू राहते. यातल्या तीन गोष्टी वर्षभरात सोबत दिसल्या तर ते अवलंबित्व. कास्तकारच्या पोस्टमध्ये मला तीनपेक्षा जास्त दिसल्या.

भजन-कीर्तन, माळ, सेवक यांना माझा विरोध नाही. उलट सोडल्यानंतर टिकवायला असा समाज मिळाला तर गोळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. फक्त पहिला आठवडा दवाखान्याचा आहे, तो आम्हाला द्या.

वऱ्हाडी_ठेचा
बाबा संध्याकाळचेच प्यायचे. बरं, एवढं मान्य. पण बहाण्याचा मुद्दा सोडला नाही मी.

मोहफूल
गडचिरोलीकडून. देशी, इंग्लिश यात केमिकल असते म्हणून हे सगळे रोग. मोहाची झाडाची, निसर्गाची. आमचे आजोबा 80 पर्यंत जगले.

झाडीपट्टी
मोहफूल, मी पण तिकडचाच. पेन पूजेत (गोंडांच्या देवपूजेत) दोन थेंब मोहाची जमिनीवर सांडणं वेगळं, आणि दुचाकीच्या डिक्कीत ट्यूब भरून पाच गावांत पोचवणं वेगळं. पहिलं आमच्या आजा-पणजापासून आहे. दुसरा धंदा आहे. सडवा (आंबवायला ठेवलेला मोह) लवकर उकळी धरावा म्हणून त्यात नवसागर, युरिया, अजून काय काय टाकतात ते मी डोळ्यानं पाहिलं आहे. एका घराच्या मागं जमिनीत पुरलेला ड्रम होता, वर शेणाच्या गोवऱ्या रचलेल्या. महिला मंडळानं काठीनं टोचून टोचून शोधला. फोडला तेव्हा वासानं कुत्रेही लांब झाले.

मोह वाळवून भाजून खा, लाडू करा, त्याच्यासारखं काही नाही. पण गाळली की त्यातलं अल्कोहोल तेच, जे नागपूरच्या बारमध्ये आहे.

एमडी_कंटाळलेला
+1. लिव्हरला झाड कळत नाही आणि लेबलही कळत नाही. हिशोब करून पाहा. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या 180 मिलीच्या पव्व्यात अल्कोहोल 42.8 टक्के, म्हणजे सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. शरीर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम निस्तरतं. एका पव्व्याला सहा तासांच्या वर लागतात. ते काम जवळपास सगळं लिव्हर करतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला निघालेला माणूस रात्रीच्या दारूवरच गाडी चालवत असतो.

विषारी दारूचा प्रकार अजून वेगळा. कारखान्याचं मिथेनॉल मिसळलं की आधी साध्या नशेसारखंच वाटतं, मग अर्ध्या-एक दिवसानं पोटात कळ, श्वास जोरात, डोळ्यासमोर पांढरं धुकं. शरीरात त्याचं फॉर्मिक अॅसिड होतं आणि ते डोळ्यांची नस मारतं. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती अशीच. पिऊन आलेला माणूस ‘दिसत नाही’ म्हणाला तर झोपवून ठेवू नका, त्याच घडीला 108 लावा.

रिकामटेकडा
म्हणजे मामा म्हणते ‘लायटी गेल्या काय बे’, तेव्हा मीटर बघायचा नाही, मामाले बघायचं. नोंद घेतली.

पाटलीणबाई
मी आजवर फक्त वाचत होते. आज लिहिते.

माझे मालक वारले तीन वर्षांपूर्वी. आधी तळपायाची आग व्हायची, रात्रभर ओल्या फडक्यात पाय गुंडाळून बसायचे. आम्हाला वाटलं उष्णता. मग भूक गेली. मग संशय. मी दळण आणायला गेले तरी कुठं गेली होती, कोणाशी बोलली. पोरीसमोर बोलायचे. त्याला कंटाळून मी माहेरी गेले तेव्हा गाव मलाच बोललं. मग कावीळ झाली. कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं, त्यानं हातावर चुना चोळून परातीत पिवळं पाणी काढून दाखवलं. बरं वाटतं म्हणून पुन्हा प्यायले. पोट फुगलं, पाय सुजले, हात काडीसारखे. एक दिवस अंगणात रक्ताची उलटी, एवढी की तुळशीपर्यंत ओघळ गेला.

मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं की कावीळ झाली तेव्हाच दारू थांबवून आणलं असतं तर वेळ हाती होता.

मला विचारायचं हे, की मोबाईलवर एक पावडर येते. ‘नवऱ्याला न कळता चहात मिसळा, दारू सुटेल.’ माझी बहीण मागवून राहिली तिच्या नवऱ्यासाठी. मिसळावी का?

एमडी_कंटाळलेला
ताई, बहिणीला आजच सांगा: नाही. कृपा करून नाही.

त्या पुड्यांत नेमकं काय असतं ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. त्यात डायसल्फिराम असेल तर ते दारूचं शरीरात पचन मध्येच अडवतं. मग त्यावर थोडीशी जरी दारू पोटात गेली तरी तोंड लालबुंद, धडधड, उलट्या, बीपी एकदम खाली. हृदय आधीच कमजोर असेल तर जीव जातो. औषध बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहू शकतो. हे औषध आम्हीही वापरतो, पण रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीनं, तपासण्या करून. ज्याला माहीतच नाही तो बाजारात जाऊन नेहमीसारखा पव्वा मारणार. तलफ कमी करणारी दुसरी औषधंही आहेत, नालट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेट. ती कोणाला द्यायची हे लिव्हर आणि किडनी पाहून ठरतं.

तुमच्या मालकांचं जे झालं त्याचा क्रम तुम्ही कोणत्याही पुस्तकापेक्षा स्पष्ट लिहिला आहे. वाचणाऱ्यांसाठी एवढंच जोडतो की लिव्हरवर नुसती चरबी चढली असते त्या टप्प्यावर दारू थांबवली तर काही आठवड्यांत ते पूर्ववत होऊ लागतं. आकसून कडक झालं की मागे येणं अवघड, पण तेव्हा सोडली तरी आयुष्य वाढतं. ‘आता काय, गेलंच आहे’ म्हणून पिऊ देणं हे सर्वात वाईट.

विठाई
पाटलीणबाई, तुम्ही लिहिलंत हे फार केलंत. संशयाचं आमच्याही घरी होतं. ते दारूमुळे असते हे आज कळलं. मला वाटायचं माझंच काही चुकते.

आकडेमोड
थोडे आकडे, चर्चेला आधार म्हणून. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेली पाहणी 2019 मध्ये आली. देशात 10 ते 75 वयोगटात 14.6 टक्के लोक दारू पितात, म्हणजे सुमारे 16 कोटी. त्यातले 5.7 कोटींच्या आसपास असे की ज्यांना दारूच्या त्रासासाठी मदत लागते. आणि ज्यांना व्यसन जडलं आहे अशा 38 जणांत एकालाच कसलातरी उपचार मिळाला. ठेचाभाऊ, बहाणा करून दवाखान्यात गर्दी होत असती तर आकडा उलटा दिसला असता.

वऱ्हाडी_ठेचा
हे मात्र लागलं. 😐

चांदा_ते_बांदा
दारूबंदीवर कोणीच कसं बोललं नाही? वर्धा गांधींमुळे कधीपासून कोरडं. गडचिरोली 1993 पासून. आमच्या चंद्रपुरात 2015 ला झाली, 2021 ला उठली. बंदीच्या काळात काय झालं? मिळत होतीच, फक्त महाग, आणि पोट्टे पोचवायचे धंद्याला लागले. बंदी म्हणजे पोलिसांची दिवाळी.

झाडीपट्टी
चांदा, अर्धं खरं. चोरून येते, मान्य. पण आमच्याकडं गावात दुकान नाही, जाहिरात नाही, लग्नात उघड वाटत नाही. चौदा वर्षांच्या पोराच्या नजरेसमोर नसणं याला काही किंमत आहे की नाही? डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचं मुक्तिपथ अभियान 2016 पासून जिल्ह्यात आहे. गावाची संघटना, अहिंसक पहारा, आणि सोबत तालुक्याच्या जागी व्यसनी माणसासाठी उपचाराचा दवाखाना. बंदी एकटी पुरत नाही. बंदी, गाव आणि उपचार हे तिन्ही लागतात. चंद्रपुरात तिसरं किती होतं?

चांदा_ते_बांदा
तिसरं कमी होतं, कबूल. पण मग बंदी ऐवजी तेच आधी करा ना.

बुटीबोरी_लोकल
वर्ध्याची हद्द संपली की पहिली पाटी कशाची असते ते सगळ्यांनाच माहीत आहे. शनिवारी संध्याकाळी तिथं पार्किंगला जागा मिळत नाही. यावर भाष्य करत नाही. 🙂

विठाई
आमच्या गावात आडव्या बाटलीचं, म्हणजे दारूचं दुकान बंद करायचं, मतदान झालं होतं. दुकान बंद झालं. बायकांनी आदल्या रात्री घरोघरी फिरून मतदान समजावलं, कारण चिठ्ठीवर उभी बाटली अन् आडवी बाटली दोन्ही छापलेल्या, कोणती कशासाठी ते म्हाताऱ्यांना कळेना. दुकान गेलं, तेव्हा माझ्या दिराला तीन किलोमीटर चालावं लागायचं. पाऊस असला की तो आळस करायचा. तेवढे दिवस घर शांत. हा माझा अनुभव, दारूबंदीवरचा निबंध नाही.

शेवटचा_बाक
अवांतर: शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात ‘तो दारू प्यायचा’ एवढं लिहिलं की फाईल बाजूला. एक लाखाच्या मदतीला नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा हे दाखवावं लागते. माणूस कर्जानं प्यायला की पिण्यानं कर्जात गेला हे तलाठ्याच्या रकान्यात बसत नाही. आमच्या आळीतल्या घराचं असंच झालं. विधवेनं दोन वर्षं चकरा मारल्या.

एमडी_कंटाळलेला
उदासी आणि दारू एकमेकांना धरून चालतात. कोणतं आधी हे बरेचदा आम्हालाही सोडल्यावर काही आठवड्यांनीच कळतं. पण एक ठाम: प्यायलेला माणूस जिवाचं बरंवाईट बोलत असेल तर ‘नशेत बोलते’ म्हणून सोडू नका. नशेतच हात लवकर उचलला जातो. फवारणीचं औषध कुलपात.

हृदयसम्राट
दोन पेग रोज हृदयाला चांगले हे मात्र सिद्ध आहे बरं का.

आकडेमोड
नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. दारू 1988 पासून कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, तंबाखूच्या पंगतीत. आपल्याकडं खर्रा (तंबाखू-सुपारी) आणि दारू दोन्ही एकाच तोंडात जातात, म्हणून घसा-तोंडाचा धोका अजून वाढतो.

हृदयसम्राट
खर्ऱ्याले मधात काहून आणता भाऊ 😭

सिस्टरबाई
आणायलाच पाहिजे. जाता जाता, क्षयरोगाचंही लिहायचं राहिलं. पिणाऱ्याला टीबी जास्त होतो, आणि टीबीच्या गोळ्या लिव्हरवर आधीच भार टाकतात. आमचे अर्धवट औषध सोडणारे पेशंट पाहिले तर पुष्कळदा कारण तेच. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर ‘विडीचा’ म्हणून बसू नका.

आजचा_दिवस
मी दारुडा आहे. आता पीत नाही. म्हणून या नावानं.

ठेचाभाऊ, तुमच्यावर राग नाही. मीही तेच म्हणायचो की मनात आलं तर सोडीन. मन रोज यायचं, सकाळी. पण सकाळी कप उचलायला गेलो की चहा बशीत नाही, लुंगीवर सांडायचा. मग मी युक्ती काढली. दुपट्टा मानेमागून घ्यायचा, एक टोक कप धरलेल्या हाताला गुंडाळायचं, दुसरं टोक दुसऱ्या हातानं हळूहळू खाली ओढायचं. हात आपोआप तोंडापर्यंत वर येतो, थरथरत नाही. कपात चहा नसायचा हे सांगायला नको. भट्टीवाल्यानं ते पाहिलं होतं. पहाटे शटर अर्धं वर करून तो आधी माझ्या हातात गिलास द्यायचा, पैसे नंतर घ्यायचा. जगात इतकी माया मला दुसऱ्या कोणी दाखवली नाही. माझ्या बैलजोडीचे पैसेही त्याच्याकडेच गेले.

एकदा घरच्यांनी एका खाजगी केंद्रात टाकलं. नाव घेत नाही. तिथं खोलीत बारा-पंधरा जण, बाहेरून कुलूप, फीट आलेल्या पोराला पाईपनं मारलेलं मी पाहिलं. बाहेर आल्या-आल्या मी सरळ भट्टीवर गेलो, रागानं. केंद्र निवडताना पाहा, की डॉक्टर रोज येतो का, नोंदणी आहे का, घरच्यांना भेटू देतात का. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पेशंटला हक्क दिले आहेत. मारणं, साखळीनं बांधणं हा गुन्हा आहे.

मग सरकारी दवाखान्यात नीट भरती झालो. गोळ्यांनी आठवडा निघाला. पण खरी परीक्षा घरी आल्यावर. बाजाराचा दिवस, कापूस विकल्याचा दिवस, साळ्याचं लग्न, तळलेल्या शेंगदाण्याचा वास. मला ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगनं धरून ठेवलं. शाळेची एक खोली, सतरंजी, चहा. फी नाही, नाव विचारत नाहीत, उपदेश नाही. प्रत्येकजण स्वतःचंच सांगतो. पहिल्या वेळी मला वाटलं माझीच गोष्ट दुसरा सांगून राह्यला. बायकोही अल-अॅनॉनला, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाला, जाऊ लागली. ती पाळत ठेवायची थांबली, तेव्हा मला लपवायलाही काही उरलं नाही.

पुन्हा पिणं झालं तर आभाळ कोसळलं असं समजू नका. बहुतेकांचं होते. त्या दिवशी शिव्या देण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेणं कामाचं.

नागपुरी_तर्री
_/\_ आजचा_दिवस. बाकी काही लिहित नाही.

वऱ्हाडी_ठेचा
आजचा_दिवस भाऊ, तुमच्या मीटिंगले बाहेरचा माणूस चालते का? आमच्या चुलत्याले घेऊन यावं म्हणतो. तो सकाळपासूनच पिते.

आजचा_दिवस
खुली मीटिंग असते, त्यात कोणीही. व्यनि (खाजगी निरोप) करतो. पण सकाळपासून पीत असेल तर आधी सिस्टरबाईंचं वाचा, मग मीटिंग.

कास्तकार_आर्णी
सगळ्यांचं वाचलं. वहिनीले पण वाचून दाखवलं, पाटलीणबाईंचं वाचताना तिनं मोबाईल हातातून घेतला अन् स्वतः वाचला.

दादा सोडायले तयार आहे, पण भरती नको म्हणते. कपाशीले फवारणी आहे, बैलं पाहायचे आहेत. घरीच गोळ्या घेऊन जमेल का? आणि रोज एक-एक घोट कमी करत नेली तर?

एमडी_कंटाळलेला
बऱ्याच जणांचं ओपीडीतून गोळ्यांवर होतं, हे खरं. पण तुमच्या भावाला आधी एकदा भ्रम झाला आहे. ज्याला एकदा झाला त्याला पुन्हा होण्याची, आणि जास्त जोरात होण्याची, शक्यता असते. त्यामुळे त्याच्यासाठी भरतीच. साधारण आठवडाभर. फवारणी थांबेल किंवा दुसरा करेल.

घोट-घोट कमी करणं कागदावर छान आहे. पण मोजणारा तोच आणि पिणारा तोच, म्हणून सहसा जमत नाही. डॉक्टर भेटेपर्यंतचे दिवस ढकलायला ठीक.

जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जा. गेल्या-गेल्या तीन गोष्टी सांगा: रोज किती आणि सकाळी लागते, मागे सोडली तेव्हा तिसऱ्या दिवशी काय दिसलं, फीट आली होती का. चौथं म्हणजे कावीळ किंवा काळी शौच झाली असेल तर तेही. दूर वाटत असेल तर आधी 14416 वर फोन करा, टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446.

कास्तकार_आर्णी
ठीक. सोमवारी नेतो. बैलं चुलतभाऊ पाहील, फवारणीचं मी करतो. आईले भ्रमाचं समजावलं, ती म्हणे ‘मग देवऋष्याले दिलेलं कोंबडं फुकट गेलं का?’

रिकामटेकडा
कोंबड्याची पावती मागा.

सिस्टरबाई
सोबत कोणीतरी राहणारं हवं, रात्रीसुद्धा. आधार कार्ड, राशन कार्ड, आणि कोणत्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्या पट्ट्या घेऊन जा. शनिवार-रविवारी ‘आता सोमवारी जायचंच आहे’ म्हणून कोणी घरात एकदम बंद करायला लावू नका. नेहमीची असते त्याहून जास्त नाही, पण तोडायची पण नाही. वाटेत फीट आली किंवा बडबड सुरू झाली तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, 108.

रिकामटेकडा
इतिहासात प्रथमच सिस्टरबाईंनी प्यायची परवानगी दिली. स्क्रीनशॉट काढला.

सिस्टरबाई
काढा. फक्त ‘सोमवारपर्यंत’ हा शब्द कापू नका.